पडद्यापुढचं झाड

शांतारामभाऊ उतेकरांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते एका झाडाला खांदे सरळ ठेवायला सांगत होते.

बँकेच्या बदलीवर मी नुकताच महाडला आलो होतो. डिसेंबरातला रविवार. पोलादपूरच्या अलीकडे हायवे सोडून आत गेलं की एक जुनी देवराई लागते, असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून संध्याकाळी स्कूटर काढली. आत शिरलो आणि जागच्या जागी थिजलो. दोन झाडांना दोरी बांधून तिच्यावर भलाथोरला पांढरा पडदा सोडलेला. खाली पाचोळ्यावर पांढऱ्या चादरी. मधोमध एक तरणं ऐनाचं झाड, आणि समोर तिपाईवरच्या कॅमेऱ्याआड माकडटोपी घातलेला एक म्हातारा.

मला वाटलं, काहीतरी करणी चालली आहे. देवराई, सांजवेळ, पांढरं कापड. दुसरं काय वाटणार?

"हलू नका," म्हातारा झाडाला म्हणाला. मग मान न वळवता मला, "तुम्ही पण. सावली पडते तुमची."

मी श्वाससुद्धा रोखला. खटका दाबल्याचा आवाज आला. म्हाताऱ्याने माझा पांढराफटक चेहरा पाहिला आणि समजूत घालावी तसं म्हणाला, "साधं हाय साहेब. फोटो काढतोय."

बँकेने माझ्यासाठी जी खोली पाहून ठेवली होती, तिच्या खालचा फोटो स्टुडिओ यांचाच, हे दुसऱ्या दिवशी कळलं. मला तर सामान घेऊन परत जावंसं वाटलं.

आखातात गेलेल्या निम्म्या महाडचे चेहरे भाऊंच्या पडद्यासमोरून गेलेले आहेत. पासपोर्टच्या फोटोला हसलेलं त्यांना खपत नसे. शेजारच्या ट्रकवाल्या युसूफचाचांना एकदा हसू आवरेना, तेव्हा भाऊंनी अत्यंत गंभीरपणे त्यांच्या सासऱ्यांची चौकशी केली. चाचांचा चेहरा उतरला आणि त्याच क्षणी फोटो निघाला. चाचा अजून तो फोटो दाखवतात आणि म्हणतात, "यात मी जिवंत आहे की नाही, ते विमानतळावरच्या माणसालाही कळेना."

पण खरा धक्का दुकानाच्या काचेत होता. जिथे नटलेली नवरी असायची, तिथे बेहडा. बारशाच्या बाळाच्या जागी किंजळ. सगळी झाडं पांढऱ्या पार्श्वभूमीवर, समोर बघत असल्यासारखी उभी. एकदा शिवथरकडचे एक शेतकरी माझ्यादेखत आत आले आणि कलमं कशी दिली म्हणून विचारू लागले.

"कलमं नाय, फोटो हाय," भाऊ म्हणाले. "बसा, तुमचा काढतो."

त्या गृहस्थांना फोटो नको होता. तरी दहा मिनिटांनी ते स्टुलावर बसून हनुवटी खाली घेत होते.

काय झालं कोण जाणे, पण पुढच्या रविवारी मीही भाऊंच्या मागून देवराईत गेलो. महिन्याभरात मी पडद्याचं एक टोक धरू लागलो. आमच्या शाखेतल्या एका क्लार्कने मला त्या अवस्थेत पाहिलं, आणि सोमवारपासून तो माझ्याशी जरा सांभाळून बोलू लागला.

भाऊंची शिस्त कडक. वारा आला की ते चिडत. वाऱ्यावर नव्हे, झाडावर. "एवढा वाढलाय, पन एक जागी उभं राहता येत नाय," असं एका बेहड्याला ते माझ्यासमोर बोलले. एकदा तर त्यांनी बाटलीतलं पाणी रुमालावर ओतलं आणि एका लहानशा सातविणीचं पान न् पान पुसायला घेतलं.

"धूळ हाय," ते म्हणाले. "अशा तोंडानं फोटो पाठवायचा का?"

"कुणाला पाठवायचा?"

भाऊंनी खिशातून मोबाइल काढला आणि माझ्या हातात दिला. मोबाइलच्या पडद्यावर एक झाड होतं. निष्पर्ण, काळंभोर, आणि खाली, वर, मागे, सगळीकडे बर्फ. मी बोट सरकवलं. आणखी एक झाड. आणखी बर्फ. एकाही फोटोत माणूस नाही, खाली एक शब्दही नाही. प्रत्येक झाडाखाली उत्तरादाखल देवराईतलं एक झाड, पांढऱ्या पडद्यापुढचं.

"माझी पोरगी, वैशाली," भाऊ म्हणाले. "क्यानडात असते. झाडांचंच शिकली. तिथं झाडांची मोठी सरकारी बाग हाय, तिच्यात कामाला हाय. बर्फात लोकांना फिरवते, झाडं दाखवते. शनिवारी एक फोटो काढते, आपल्याकडं रविवारी सकाळी येतो. मग संध्याकाळी मी एक पाठवतो."

"आणि हा पडदा?"

"तिच्या फोटोत सगळं पांढरं. आपल्याकडं नुसता पाचोळा. शेजारी शेजारी ठेवलं तर आपलं झाड गबाळं दिसतं, साहेब."

मला हसू आलं. "फोनवर काय म्हणते ती?"

"फोन नाय करत आम्ही. पाच-सहा वर्षं झाली."

माझं हसू तिथेच विरलं. भाऊ पुन्हा पानं पुसू लागले आणि पुसता पुसता सांगू लागले. त्यांची बायको वारली तेव्हा वैशालीला विमान मिळालं नव्हतं. ती पोहोचली ती दहाव्याला. तिच्या गळ्यात कॅमेऱ्याची पिशवी होती, आणि भाऊ दारातच सगळ्यांसमोर बोलून गेले होते, "आता कुणाचा फोटो काढायला आलीस?"

"कॅमेरा तिला मीच दिलेला," ते म्हणाले. त्यापुढे त्या दिवशी फोटो निघाला नाही.

जानेवारीत एका रविवारी तिकडून झाड आलं नाही. भाऊंनी दिवसभरात मोबाइल तीनदा बंद करून चालू केला. पुढच्या रविवारीही आलं नाही. मी म्हटलं, फोन करा. ते म्हणाले, "तिला नको असंल." तरी संध्याकाळी आम्ही देवराईत गेलो, पडदा बांधला. भाऊ कॅमेऱ्यामागे उभे राहिले, पण झाडाला काहीच सांगेनात.

तेवढ्यात मोबाइल वाजला. वैशालीच्या नवऱ्याने फोटो पाठवला होता. पांढरी उशी आणि तिच्यावर कोपरापर्यंत प्लास्टर घातलेला एक हात. खाली इंग्रजीत एक ओळ: बागेत बर्फावरून घसरली, ऑपरेशन झालं, काल घरी आलो.

भाऊ मटकन खाली बसले. त्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर चपलांसकट. आजवर त्यांनी तिच्यावर मला पायसुद्धा ठेवू दिला नव्हता. मी घाबरून पाण्याची बाटली शोधू लागलो आणि वळून पाहतो तर त्यांनी फोन लावलेला होता. मोबाइलच्या पडद्यावर विस्कटलेल्या केसांची एक बाई दिसत होती.

"कुठला हात?" भाऊंनी विचारलं.

तिने प्लास्टर घातलेला हात वर करून दाखवला. मग ती म्हणाली, "डावा."

"बर्फात कशाला मरायला गेलीस?"

"कामच आहे माझं ते, बाबा."

"काम हाय म्हणून हाड मोडून घ्यायचं?"

मी डोळे मिटले. झालं, पुन्हा पाच-सहा वर्षं गेली.

"आणि तुम्ही या वयात झाडावर चढून पडदे बांधता, ते?" ती म्हणाली.

भाऊ चपापले. "तुला कुणी सांगितलं?"

"दोरी दिसते ना फोटोत. प्रत्येक फोटोत दिसते."

भाऊ माझ्याकडे पाहू लागले, मी भाऊंकडे. ते सगळे फोटो मी पाहिले होते. मला एकातही दोरी दिसली नव्हती.

"वैशू," भाऊ हळूच म्हणाले, "त्या दिवशी मी दारात..."

"बाबा, मागे पाठवलेली ती सातवीण दाखवा ना. मला उभीच्या उभी बघायची आहे."

भाऊ उठले. मोबाइल दोन्ही हातांनी समोर धरून, अंधारात वाट चाचपावी तसे चालू लागले. "ही बघ. तुझ्या आयशीला आवडायची नाय. फुलली की डोकं दुखायचं तिचं." पलीकडून हसण्याचा आवाज आला.

मी पडदा सोडला, चादरी झटकून घडी घातली आणि देवराईबाहेर स्कूटरपाशी येऊन उभा राहिलो. उन्हं उतरली होती. आतून भाऊंचा आवाज येत होता. ऐन, किंजळ, बेहडा, एकेका झाडापुढे थांबून ते नाव सांगत होते. आणि झाडांचंच शिकलेली ती बाई, तिकडे नुकत्याच उजाडलेल्या सकाळी, प्रत्येक नाव त्यांच्या मागोमाग म्हणत होती.