नागप्पांचं जपान

सोलापुरातले आमचे शेजारी नागप्पा माणसाकडे थेट बघत नसत, आरशातून बघत. चादरींच्या गठ्ठ्यांवर मारायचे लाकडी ठसे कोरणं हा त्यांचा धंदा. ठशावर अक्षरं उलटी कोरावी लागतात, ती तपासायला खिशात चिमुकला आरसा. सवय अशी जडली, की वांगीसुद्धा आरशात बघून निवडत. माझ्या नव्या सफारीचा निकालही आरशातूनच लागला. "भाऊसाहेब, कापड लई चांगलं हाय. आतला मानूस जरा सैल बसलाय."

बाहत्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. रंगाच्या एका एजंटाने त्यांना जपानी कॅलेंडर दिलं. झाडाखाली वाट बघणारी बाई, कोपऱ्यात अगम्य अक्षरं. एजंट म्हणाला, "ही तिकडची जुनी कविता. तिच्यावरनं चित्र, तेही लाकडावर कोरून छापलेलं."

"लाकडावर? मग आपलाच भाऊबंद की!"

झालं! गिऱ्हाइकांचे ठसे पडून राहिले आणि नागप्पा त्या बाईपुढे तासन् तास बसू लागले. त्यांच्या बायकोने, गौरव्वांनी, बरेच दिवस सोसलं. एका दुपारी त्या नवं लुगडं नेसून समोर उभ्या राहिल्या. नागप्पांनी आरसा काढला.

"जपानच्या बाईकडं सरळ बगता, आन माज्याकडं आरशातनं व्हय?"

संध्याकाळच्या एसटीने त्या मैंदर्गीला, माहेरी. निरोप गेले, "न्हाय येत" एवढंच परत आलं. नागप्पा स्वतः भाकरी थापू लागले. त्याही जपानच्या नकाशासारख्या.

मग त्यांनी एक चित्र कोरलं, पातळ कागदावर छापलं आणि मैंदर्गीला टपालाने धाडलं. दुसरी प्रत मला दाखवली. लिंबाखाली रिकामी बाज, कोपऱ्यात अक्षरं.

"वा! जपानी अक्षर हुबेहूब!" मी म्हणालो.

नागप्पांचा चेहरा उतरला. "मराठी हाय ते." त्यांनी आरसा धरला तेव्हा मला वाचता आलं:

उन्हाची सावली
दारी परतली
गौरी, तू राहिली
कुटं सांग?

जन्मभर उलटी अक्षरं कोरणारा माणूस ही ओवी मात्र मनात आली तशी, सरळ कोरून बसला होता. छापल्यावर ती उलटली.

"चेष्टा केली म्हननार ती," नागप्पा खाली बसले. "आता न्हाय येत."

बाजाराच्या दिवशी गौरव्वा बोचकं घेऊन दारात हजर. मला राहवेना. "वाचलंत कसं?"

"खिडकीला धरून, पाठीमागनं. ह्यांचं समदं उलटंच असतंय, मला काय नवं?" मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "नाव कोरलंय की माजं. तोंडानं तर कदी घेतलं न्हाई."

नागप्पांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"गौरी," ते म्हणाले. थेट तिच्याकडे बघत.