एका क्रियापदाची वाटणी

सगळ्या किनाऱ्यावर इंग्रजीचा अर्थ फक्त आपल्या घरात आहे, असं बाबुली जुवाटकर छाती फुगवून सांगायचा. मग स्वतःच आवाज खाली आणून म्हणायचा, की अर्थ एकाच क्रियापदाचा आहे, आणि त्याचा उपयोग धाकटा भाऊ घेऊन गेला.

खरंच होतं ते. वडील बोटीवर खलाशी होते. नोकरी संपली तेव्हा साहेबांनी त्यांना 'नॅव्हिगेट', म्हणजे वाट काढत नेमकं पोचणं, हे क्रियापद बक्षीस दिलं, कारण घड्याळं संपली होती. वडील गेल्यावर पंचांनी माड वाटले, जाळी वाटली आणि क्रियापदापाशी अडले. मधोमध कापावं तर दोन्ही तुकडे वाया जाणार. शेवटी सरपंच म्हणाले, "थोरल्याक अर्थ, धाकट्याक उपयोग. चाय घेवा आता." चहा झाला आणि भावांचं बोलणं बंद झालं.

तेव्हापासून कुठलं बंदर कुठे, कुठला खडक कुठल्या हाताला ठेवायचा, हे बाबुली ओटीवर बसून बिनचूक सांगे. जाता मात्र येत नसे. न्हाणीकडे निघाला की शेजारच्या गोठ्यात पोचे, आणि तिथल्या म्हशीला "रामराम वहिनी" करून येई. धाकट्या पुंडलिकचं उलट. त्याची होडी दाट धुक्यातही नेमकी जागेवर जाई, पण आपण पोचलो हे त्याला कळत नसे, म्हणून तो तसाच पुढे जाई. थांब म्हटलं तर "कित्याक?" विचारी, आणि समजावून सांगेपर्यंत पुढचं गाव येई. उतारू धक्का दिसला की उड्या मारत. गावाची काही तक्रार नव्हती.

पण बाबुलीचे गुडघे उडीचे राहिले नव्हते, आणि खाडीपलीकडे त्याच्या लेकीकडे, कुंदाकडे, आज दुपारी नातीचं बारसं होतं. सकाळपासून तो तीनदा निघाला आणि तीनदा मासळीबाजारात पोचला. चौथ्या खेपेला तो मुद्दाम देवळाकडे निघाला, तेव्हा बरोबर पुंडलिकच्या होडीपाशी आला.

"खय?" पुंडलिकने वर न बघता विचारलं.

"कुंदाकडे. तू वल्हव. पोचलंव की मी सांगतंय."

"आणि खोटा सांगलंस तर? ल्हानपणी माका टोपलीखाली कोंडून वादळ इला म्हणून सांगलंस. सांजेपर्यंत बसलंय मी."

"टोपली चांगली होती," बाबुली म्हणाला आणि होडीत बसला.

निम्मी खाडी मागे पडली. मग पुंडलिकने गुडघ्याचं विचारलं. बाबुलीने त्याच्या खोकल्याचं विचारलं. आईच्या हातच्या, तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याची, त्या झणझणीत कालवणाची, आठवण निघाली, तशी दोघांची जीभ सुटली. एवढ्यात पलीकडचा धक्का आला. कुंदा तिथे पदर खोचून उभी होती, हात हलवत होती. बाबुलीने तोंड उघडलं.

"लांब आसा अजून," तो म्हणाला. "खाडीतल्या बेटाक वळसो घाल."

पुंडलिकने वळसा घातला. वडिलांचं घोरणं निघालं, सरपंचांचं टक्कल निघालं, बाबुलीने दोन्हींची नक्कल केली. धक्का पुन्हा आला. "लांबच आसा," बाबुली म्हणाला. त्याला ऊन कुठे चढलंय ते दिसत होतं. पाळणा सजला असेल, बायका खोळंबल्या असतील, हेही कळत होतं. पण इतक्या वर्षांत भाऊ एवढा बोलला नव्हता, आणि धक्क्यावर उतरल्यावर तो होडी घेऊन जाणार, हेही त्याला नीट कळत होतं.

धक्का तिसऱ्यांदा आला. बाबुलीने पुन्हा बेटाकडे बोट केलं.

पुंडलिकने वल्ही थांबवली.

"दादा, थय कुंदा हात करून करून दमली. त्याचो अर्थ माका कळणा नाय, तो तुझ्या वाट्याचो. माका एवढाच सांग, तुका उतरवून होडी बांधू आणि मीय वर येऊ, की रातीपर्यंत असोच तुका फिरवत ऱ्हवू?"