तीनदा धुतल्यावर

कोणताही कण जगात उघडाबोडका राहू नये, हे शास्त्राचं थोर तत्त्व आहे. वाळूचे अतिसूक्ष्म कण रबरात नुसते टाकले तर ते एकमेकांना बिलगून गुठळ्या करतात आणि पुढे टायर फाटतो. म्हणून आमच्या अल्माटीतल्या एका संस्थेत कणांच्या अंगावर पॉलिमरच्या साखळ्या, अगदी केसांसारख्या, उगवतात. हे काम माझी ताई करते. (संस्थेत माणसं एकवीस. उरलेली वीस उगवण्याला आशीर्वाद देतात.)

साखळी खरंच जोडली गेलीय की नुसती चिकटून बसलीय, हे ओळखायची रीत सोपी आहे. कण द्रावकात घालायचे, गरागरा फिरवायचे, धुवायचे. असं तीनदा. जोडलेली राहते, चिकटलेली वाहून जाते. ताई सात वेळा धुते. आई म्हणते, "एवढं घरची भांडी घासलीस तर उपकार होतील, बाई!"

यंदा केस टिकले. (कणांचे. ताईचे गळताहेत.) लेख तयार झाला. त्यावर नाव असेल तरच ताईला डॉक्टरेट मिळणार होती. मग नावं घालायला बैठक बसली आणि मेजवानीत मेंढीचं डोकं वाटतात तशीच, मानाप्रमाणे, नावं वाटली गेली. पहिले संचालक दुलात अगाय. (आमच्यात सरांना अगाय म्हणतात, बाईंना अपाय.) मग उपसंचालक झुमाबेक अगाय. मग ज्यांच्या खोलीत भट्टी आहे त्या मेइरामगुल अपाय. मासिक आठच नावं घेतं. आठवं झुमाबेक अगायांच्या व्याह्यांचं लागलं, कारण व्याह्यांना वगळलं तर सून नांदायची कशी?

"आणि मी, अगाय?" ताईने विचारलं.

"तू तर आमची लेक!" दुलात अगाय गहिवरले. "घरच्या माणसाला कुणी आमंत्रण देतं का?"

मेंढीच्या त्या डोक्याचा कान आमच्यात लहानांना देतात, त्यांनी मोठ्यांचं ऐकावं म्हणून. ताईला कान मिळाला.

मग संपादकांचं पत्र आलं: प्रत्येकाने आपण काय केलं ते कळवावं. दुलात अगायांनी लिहिलं, ‘दिशा दाखवली.’ झुमाबेक अगायांनी, ‘ती दिशा बरोबर असल्याचं सांगितलं.’ मेइरामगुल अपायांनी, ‘भट्टीची किल्ली दिली.’ व्याह्यांनी, ‘लग्नाला आलो होतो.’ (पुराव्याने सिद्ध झालेली ही एकमेव नोंद. फोटो आहेत.)

"ताई, सगळे वाहून चालले की गं!" मी टाळ्याच पिटल्या.

"हळू! अजून दोनदा धुणं बाकी आहे."

दुसरं पत्र: कण कितीदा धुतले? आठही जणांनी एकमुखाने कळवलं, ‘धुण्याला एक मुलगी आहे.’

तिसरं: मग साखळ्या जोडल्या कुणी?

यावर समिती बसली. आठवडाभर चहा पिऊन आणि तळलेले बाउरसाक खाऊन तिने अत्यंत प्रामाणिक निष्कर्ष काढला: आठांपैकी कुणीच जोडल्या नाहीत, मुलगी तर फक्त धुते, त्याअर्थी त्या आपोआप उगवल्या. असा शोध पृथ्वीवर पहिलाच! लेख पहिल्या पानावर छापून आला, दुलात अगायांना पदक मिळालं. ताईला कळवण्यात आलं की लेखावर नाव नाही, पुढच्या वर्षी यावं. लेखाच्या तळाशी आभार मात्र आहेत: ‘धुण्याबद्दल, मुलीचे.’

मी हे वर्गात सांगितलं तेव्हा सगळे तुमच्यासारखेच हसले आणि मग "शी, केवढा अन्याय!" म्हणाले. तुम्ही तर ताईच्याच बाजूचे, मला खात्री आहे. तरी रीत म्हणून एकदा धुऊन बघते. दुलात, झुमाबेक, मेइरामगुल, सगळे लक्षात आहेत ना? छान. आता माझ्या ताईचं नाव सांगा.

(मी सांगितलं नव्हतं, कबूल. पण तुम्ही तरी कुठे विचारलंत?)