न बांधलेल्या थेटराचा बंदोबस्त

समोरून काहीही येत नसताना तुम्ही कधी हात आडवा करून रस्ता अडवला आहे का? नसेल, तर आमच्या पोलीस चौकीच्या गेनू जमादारांना हसायचा तुम्हाला अधिकार नाही. हा माणूस ते काम रोज करतो. इस्त्रीच्या खाकी अर्ध्या चड्डीत, छाती पुढे काढून, तिसगावच्या एस.टी. थांब्यासमोर करतो.

एखादा गाडीवान बाजारातून निघतो. नगरच्या बाजूला रस्ता रिकामा, पाथर्डीच्या बाजूलाही रिकामा. तरी जमादारांचा हात आडवा.

"आवं जमादार, रस्ता मोकळा हाय की!"

"दिसतंय मला."

"मग सोडा की!"

"आन् आली म्हंजी?"

काय आली, हे जमादार कधी सांगत नाहीत. एस.टी. असेल, खडीचा ट्रक असेल, उधळलेली म्हैस असेल. आजवर बहुतेक वेळा काहीच आलेलं नाही. पण ते हात खाली करतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान असतं, की जणू काहीतरी येणार होतं आणि त्यांच्या हाताकडे बघून परत गेलं.

लग्नाच्या मांडवात जमादार जेवायला बसले, की आधी बाहेर पडायची वाट कुठे आहे ते बघतात. यजमान म्हणतो, "जमादार, जिलबी घ्या." जमादार म्हणतात, "घेतो. मांडव पेटला म्हंजी नवरी कुनीकडनं काढायची?" गावात नव्या शाळेचं उद्घाटन होतं. बडे पाहुणे मोटारीतून उतरले, हार तयार होते, आणि जमादार व्यासपीठावर एकटेच उड्या मारत होते. हेडमास्तर हात जोडून म्हणाले, "उतरा आता, शोभत नाही हे." जमादारांनी आणखी एक उडी मारली आणि फळ्यांसकट खाली गेले. धुळीतून त्यांचा आनंदी आवाज आला, "बगा! सायेब पडलं असतं!"

आता मूळ मुद्द्यावर येतो. मी पत्रकं वाचत वाढलेला आणि पत्रकं लिहिणारा माणूस आहे. मूळ मुद्द्याला उशिरा येणं मला सहन होत नाही, पण जमादारांची ओळख करून दिल्याशिवाय तो कळलाही नसता.

दुष्काळ पडायच्या आधीची गोष्ट. तोवर आमच्याकडे सिनेमा म्हणजे सुगीनंतर येणारा तंबू. मग ऑइल इंजिनं विकणाऱ्या बाबूशेठनी पक्कं थेटर बांधायचं ठरवलं. जागा एस.टी. थांब्याच्या अगदी समोर. नकाशात रस्त्याकडे तोंड केलेली भव्य कमान होती आणि त्या कमानीत एकच फाटक. बाबूशेठना दुसरं दार नकोच होतं. "दुसरं दार म्हंजी फुकट्यांची सोय," असं ते उघड सांगत.

गाव हरखलं. मीसुद्धा हरखलो. थेटर गरिबाची शाळा आहे, असं एक पत्रक मी काढलं.

अशा कामाला परवानगी देण्याआधी सरकार पोलिसांना विचारतं, की इथे थेटर झालं तर रहदारीला आणि लोकांच्या जिवाला काही धोका आहे का? तो कागद तालुक्याच्या फौजदारांकडून जमादारांकडे आला. सोबत तोंडी निरोप आला, "हरकत नाही, एवढं लिहून पाठवा."

जमादारांनी लिहिलं नाही. स्वतः तालुक्याला गेले.

"सायेब, न बघता कसं लिवू?"

"काय बघणार? थेटर अजून बांधलंय कुठं?"

"म्हनून तर आत्ताच बघायचं. बांदल्यावर गर्दी आली म्हंजी?"

फौजदार माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला घाई होती. तो म्हणाला, "जमादार, तुमची बदली खर्ड्याला झाली तर मला बोल लावू नका."

"खर्ड्यालाबी रस्ता हाईच की, सायेब," जमादार म्हणाले आणि सॅल्यूट ठोकून परत आले.

मंडळी, या एका वाक्यासाठी मी माझी सगळी पत्रकं ओवाळून टाकीन. बदलीच्या भीतीने वाकलेली माणसं मी खूप पाहिली आहेत. बदलीच्या गावातला रस्ता लगेच डोळ्यांपुढे आणणारा मी हा एकच पाहिला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बाबूशेठच्या मोकळ्या जागेत जमादारांनी थेटर उभं केलं. चुन्याच्या फक्कीने पडदा आखला, बाकांच्या ओळी आखल्या, मधोमध रेघ मारून रस्त्याकडच्या बाजूला पुरुष आणि पलीकडच्या बाजूला बायका अशी वाटणी केली. भिंती म्हणून कडेने बोरी-बाभळीच्या फांद्या रचल्या. रस्त्याकडे दोन बांबू रोवले. ते फाटक. "आत या, बसा, आन् शिट्टी वाजली की बाहेर पडून दाखवा," अशी दवंडी द्यायची होती. दवंडीवाल्याला वाटलं, एवढ्यासाठी कोण येईल? त्याने आपल्या मनाने दवंडी दिली, "आज दुपारी थेटरात खेळ हाय हो! फुकाट हाय हो!"

सगळा बाजार आत येऊन बसला. मेथीच्या जुड्या, कोंबड्या, पोरं, सगळ्यांसकट. फौजदार तमाशा बघायला आले होते, त्यांना फाटकाजवळ खुर्ची दिली. बाबूशेठ मूठ चावत बाहेर उभे होते. त्यांची आई आणि बायको मात्र पहिल्या ओळीत जाऊन बसल्या होत्या.

जमादार पडद्याच्या जागी उभे राहिले. मागून कोणी ओरडलं, "हिरो म्हातारा हाय रं!"

"गप बसा! आता मी शिट्टी मारनार. शिट्टी वाजली की खेळ सुटला, असं समजून उटायचं."

शिट्टी वाजली. एकही माणूस उठला नाही.

"उटा की!"

"आवं, सुरू कवा झाला? सुरू न्हाई तर सुटंल कसा?"

"आमी काय येडे हाय व्हय? खेळ दावा मगच उटू!"

जमादारांचा नाइलाज झाला. त्यांनी टोपी सारखी केली आणि पुणतांब्याला असतानाच्या एका म्हशीच्या चोरीचा तपास सांगायला सुरुवात केली. काय सांगितलं म्हणता! नदीकाठचा माग, चिखलातले खूर, संशयित पाहुणा. बाजार चिडीचूप. बायकांनी पदर तोंडाला लावले. "आन् मंग मी त्या गोठ्याचं दार ढकललं. आत बगतो तर..."

तेवढ्यात बाहेर एस.टी.चा हॉर्न वाजला.

पाथर्डीकडची गाडी! पुन्हा संध्याकाळपर्यंत गाडी नाही. शिट्टीची गरजच पडली नाही. अख्खं थेटर एकदम उठलं आणि त्या दोन बांबूंकडे धावलं.

आता जे झालं ते जमादारांच्याही डोक्यात आलं नव्हतं. पुरुषांची बाजू फाटकाजवळ, म्हणून पुरुष आधी बाहेर पडले. बाहेर पडले आणि तिथेच थांबले. रस्त्यावर नाही, बाजूला नाही, बरोबर फाटकात. का? प्रत्येकाची बायको, आई, बहीण अजून आत होती! ती आल्याशिवाय गडी पुढे जाईल कसा? एकेकजण मागे वळला, टाचा उंच केल्या आणि नावाने हाका मारायला लागला. आतून बायका ढकलताहेत, बाहेर नवरे खांब होऊन उभे. कोंबड्या हवेत. फौजदार खुर्चीसकट उचलले गेले आणि रस्त्याच्या मधोमध एस.टी.च्या तोंडासमोर जाऊन टेकले. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. दोन बैल बिथरून कांद्यांच्या ढिगात शिरले.

"सरका!" जमादार ओरडत होते.

"जमादार, गोठ्यात काय हुतं ते सांगा आधी!" गर्दीत चेंगरलेला एकजण ओरडला.

"म्हैस हुती! सरका पुडं!"

पण पुढे कोण सरकणार? बरोबर मधोमध, दोन्ही हातांनी दोन्ही बांबू धरून, एक धिप्पाड माणूस फाटक बुजवून उभा होता. जमादार गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत पोचले.

"बाबूशेठ! गेट कुनी अडवलं?"

बाबूशेठचा चेहरा पांढरा पडला होता. "जमादार... माझी आई आत हाय."

जमादारांनी मग एक शब्दही वाया घालवला नाही. मागच्या बाजूच्या बाभळीच्या फांद्या दोन्ही हातांनी ओढून काढल्या. हात रक्ताळले. "बायांनो, हिकडनं! मागल्या गल्लीनं!" बायकांचा लोंढा मागे फिरला आणि बघता बघता फाटक रिकामं झालं. चपला हरवल्या, कोपरं खरचटली, कांदे गेले. माणूस एकही दगावला नाही.

बाबूशेठची आई मागच्या गल्लीतून वळसा घालून आली. कंबरेवर हात ठेवून लेकासमोर उभी राहिली.

"बाब्या, मागं दार काढनार का न्हाई?"

"आई, पण फुकटे..."

"त्या दाराशी मी बसंन. बगू कोन फुकटा येतो!"

बाजाराने टाळ्या वाजवल्या. फौजदार अजून खुर्चीतच होते. गुडघ्यावरची धूळ झटकत ते म्हणाले, "जमादार, हरकत आहे असं लिहा. काय काय हरकत आहे ते सगळं लिहा. खाली सही माझी." आणि जमादारांनी सांगितलेलं झाडून सगळं त्या कागदावर गेलं: मागे बायकांसाठी दुसरं दार, पुढे भिंतीच्या आत वाट बघणाऱ्यांसाठी ओटा, आणि एस.टी.चा थांबा चावडीकडे. सगळं मंजूर झालं. खर्ड्याचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. मोठ्या माणसांच्या घाईपुढे एक साधा प्रश्न पाय रोवून उभा राहिला आणि जिंकला. हे मी जिवंत असेतो सांगत राहणार!

थेटर उभं राहिलं. पहिला खेळ दुपारचा, तोही बाजाराच्या दिवशी. खेळ सुटला तसा मी सगळ्यांच्या आधी बाहेर पडून मुद्दाम रस्त्यावर उभा राहिलो. पुरुष ओट्यावर येऊन थांबले, बायका मागून आल्या, पुढे येऊन आपापल्या माणसाला मिळाल्या. रस्त्यावरून एक गाडी आली आणि वेग कमी न करता निघून गेली. रस्त्यावर काहीही झालं नाही, हे बघायला मी आयुष्यात पहिल्यांदाच उभा राहिलो होतो.

ओट्यावरची माणसं जोडीजोडीने, घोळक्याने घरी निघाली. जो तो सिनेमाचंच बोलत होता. जमादार शेवटचं माणूस बाहेर पडेपर्यंत थांबले, दोन्ही दारं लावून आले आणि मी रिकाम्या ओट्यावर बसलो होतो, तिथे माझ्याशेजारी टेकले.

"काय पत्रकवाले, बगितला पिच्चर?"

"बघितला. झकास!"

जमादार इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "त्या आंधळ्या म्हातारीला तिचा ल्योक वळखू आला का हो शेवटी?"

"म्हणजे? तुम्ही तर आतच होता की सगळा वेळ!"

"आत हुतो. पन बंदोबस्ताला. पडद्याकडं तोंड करून बंदोबस्त हुतोय व्हय? माझं तोंड मान्सांकडं." ते हसले. "बाया रडाया लागल्या, तवा म्हनलं ल्योक गेला. मंग त्या रडता रडता हसल्या. तितं काय कळंना."

मी शेवट सांगितला. म्हातारी त्याच्या गालावरून हात फिरवते आणि ओळखते, असं सांगितलं. जमादारांनी पुन्हा सांगायला लावलं. "गालावरनं व्हय? बरं झालं," असं म्हणून त्यांनी खिशातून चौकीमागच्या आपल्या खोलीची किल्ली काढली आणि मोकळ्या रस्त्याने एकटेच चालू लागले. त्या खोलीत त्यांची वाट बघणारं कोणी नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मी त्याचा विचार त्या दिवशी पहिल्यांदा केला.

म्हणून वाचकहो, माझी मागणी एकच आहे, आणि ती आजच अमलात आणा. तुमच्या गावच्या थेटरातून बाहेर पडाल, तेव्हा दाराशी पडद्याकडे पाठ करून उभा राहिलेला पोलीस शोधा. फाटकात थांबू नका, जरा बाजूला व्हा. आणि त्याला शेवट सांगा.