दिशेचा रकाना

घरात सुरक्षिततेसाठी आणलेली कोणतीही वस्तू सहा महिन्यांच्या आत दुसऱ्याच कामाला लागते, हा निसर्गनियम आहे. हेल्मेटमध्ये कांदे राहतात. प्रथमोपचाराच्या डब्यात सुईदोरा आणि सुटी बटणे सापडतात (मलमपट्टी सापडत नाही). वाळूच्या बादलीत कोणीतरी एक रोप खोचून ठेवते आणि ते, आगीच्या अभावी, उत्तम वाढते. माणूस निष्काळजी आहे असा याचा अर्थ नव्हे. संकट रोज येत नाही आणि रिकामे बसलेले कोणीही कुटुंबाला बघवत नाही, एवढाच अर्थ.

या नियमाला अनुसरून थोरलीच्या माहेरी धुराचा अलार्म न्याहारीला बोलावण्याचे काम करत होता.

तो बाबांनी स्वतः शिडीवर चढून स्वयंपाकघराच्या छताला, टोस्टरच्या बरोबर वर लावला होता. बाबा वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. खोटे काटे पकडण्यात हयात गेलेली. जागेची निवड त्यांनी विचारांती केली होती. "आग लागली तर इथेच लागणार. मग राखणदाराला पलीकडच्या गल्लीत कशाला उभं करायचं?" हा युक्तिवाद बिनतोड आहे. तो चूक आहे, ही गोष्ट वेगळी.

परिणाम असा की ब्रेड करपला की अलार्म वाजे, आणि ब्रेड रोज करपे. सकाळी सात चाळीसला. बाबांना आयुष्यात एकच पदार्थ करता येतो आणि तोही येत नाही, याबद्दल घरात एकमत होते. अलार्म वाजला की बाबा टॉवेलने त्याला वारा घालत आणि आई मागच्या खोलीतून येऊन आपल्या खुर्चीवर बसे. आईचे कान साठीनंतर उणावले होते. बाबांनी बेचाळीस वर्षांत तिला नावाने हाक मारली नव्हती. सगळा संसार 'अगं'वर झाला. पण 'अगं' हा शब्द अंगाने लहान, तो बंद दारातून पलीकडे पोचेना. अलार्म पोचे.

आठ महिन्यांपूर्वी बाबा गेले. (हृदयविकाराने. आगीचा संबंध नाही.) त्यानंतर अलार्म एकदाही वाजला नाही, म्हणजे कागदोपत्री घर पूर्वीपेक्षा सुरक्षित झाले. आई मात्र सकाळचे अकराला खाऊ लागली, तेही ओट्याशी उभ्याने, आणि कधी कधी राहूनच जाऊ लागले. थोरली परगावाहून फोन करून विचारी, "खाल्लंस का?" आई म्हणे, "खाईन गं. पळून जातंय का ते?"

तेव्हा वरची खोली भाड्याने द्यायचे ठरले. रात्रीबेरात्री घरात दुसरे माणूस असावे, एवढाच हेतू. एक परिचारिका मिळाली. खोली बघायला आली तेव्हा तिने दारात चपला जोडीने, सरळ काढून ठेवल्या. आईने मुलाखत तिथेच संपवली. ती एक तारखेला राहायला येणार होती. हे जमले नाही, तर आईने थोरलीकडे चौथ्या मजल्यावर जाऊन राहायचे, हा दुसरा मार्ग होता. त्यावर आईने आपले मत एकदाच दिले होते: "तुझ्याकडे चार दिवस छान वाटतं मला. पाचव्या दिवशी मी कुठे जाऊ?"

थोरलीने पंधरा दिवसांची रजा काढली.

भाडेकरू ठेवण्यापूर्वी अलार्मचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठीची पुस्तिका चौसष्ट पानांची असून त्यातली एकेचाळीस पाने व्याख्यांची आहेत. (छत : जे वर असते ते.) थोरलीने ती दोनदा वाचली. घरातले माणूस गेल्यावर धीर यावा म्हणून लोकांनी सुचवलेली पुस्तके तिच्या उशाशी पडून होती. त्यांपेक्षा तिला ही बरी वाटली, कारण हिच्यात प्रत्येक गोष्टीची बदलण्याची तारीख आधीच दिलेली होती.

पुस्तिकेचे म्हणणे थोडक्यात असे. प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांबाहेरच्या वाटेत, धुराचा अलार्म हवा. स्वयंपाकघरात मात्र धुराचा नको, उष्णतेचा हवा. कारण स्वयंपाकघरात धूर होणे हा अपघात नसून दिनक्रम आहे. भिंतीपासून आणि दिव्यापासून फूटभर अंतर हवे. सगळे अलार्म एकमेकांना जोडलेले हवेत, म्हणजे एकाने तोंड उघडले की बाकीचेही उघडतात (ही पद्धत एकत्र कुटुंबावरून घेतली असावी). आणि दहा वर्षांनी सगळे बदलायचे, ते चालू असले तरी.

ठरल्या दिवशी अग्निशमन खात्याचे तपासनीस आले. सत्तावीस रकान्यांचा तक्ता, टोकाला रबर लावलेली काठी आणि गळ्यात थांबघड्याळ असा त्यांचा सरंजाम होता. आई मागच्या खोलीत दार लावून कपड्यांच्या घड्या घालत होती. तपासनिसांनी काठीने छतावरचे बटण दाबले. आठ महिन्यांनी अलार्म वाजला.

मागचे दार उघडले. आई झपझप आली, खुर्ची ओढून बसली, पालथी बशी सुलटी केली आणि तिने टोस्टरकडे बघितले. मग टोस्टरशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितले. मग तपासनिसांना म्हणाली, "बसा ना. उभे का?"

थोरलीला खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचे दिसले असावे. ती थोडा वेळ तिकडेच बघत राहिली.

"अकरा सेकंद," तपासनीस म्हणाले. त्यांचा आवाज हलला होता. त्यांच्या प्रभागाची सरासरी चार मिनिटे दहा सेकंद होती (यात 'शेजाऱ्यांचा वाजत असेल' म्हणून न उठलेले धरलेले नाहीत). "काकू, प्रभागात पहिल्या आलात तुम्ही."

"गुडघा धरलाय, नाहीतर अजून लवकर आले असते."

"पण ती आगीत येऊन बसली," थोरली म्हणाली.

"ताई, वेळ तर बघा."

"तुम्ही दिशा बघा."

तपासनिसांनी तक्ता पुढून बघितला, मागून बघितला. "वेळेचा रकाना आहे," ते म्हणाले. "दिशेचा रकाना नाही."

निकाल असा लागला. प्रतिसाद : उत्कृष्ट. यंत्राचा प्रकार : अयोग्य. एकूण : नापास. फेरतपासणी दहा दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी वायरमन नवे अलार्म घेऊन आला, तेव्हा आई शिडीच्या खालच्या पायरीवर बसलेली होती.

"तो काढायचा नाही. ह्यांनी लावलाय."

"आई, त्याला दहा वर्षं झाली. मुदत संपली त्याची."

"मला सत्तर झाली."

या मुद्द्याला पुस्तिकेत उत्तर नाही. थोरलीने तिसऱ्यांदा चाळून खात्री केली. मग तिने आईला उठवले, वायरमनला बाजूला केले आणि काढायचाच तर आपल्या हाताने, म्हणून स्वतः वर चढली. अलार्म डावीकडे फिरवताच सुटून हातात आला. त्याच्या मागे, छताला राहिलेल्या चकतीत, घडी घातलेला एक कागद होता.

अक्षर बाबांचे. दुकानातल्या काट्याचा अहवाल लिहावा तशा रेघा मारून लिहिलेले. सगळ्यात वर : 'टोस्टर चारवर : ब्रेड तांबूस, अलार्म गप्प. टोस्टर सहावर : ब्रेड काळा, अलार्म ठीक. ती येते.' त्याखाली महिन्याला एक याप्रमाणे ओळी होत्या. 'आवाज ठीक. आली, नऊ सेकंद.' 'आवाज ठीक. आली, नऊ.' 'बॅटरी बदलली. आली, दहा.' 'आली, बारा (गुडघा).' एका महिन्यात : 'बहिणीकडे गेली आहे. तरी वाजवला. आवाज ठीक.' शेवटच्या ओळीत अकरा होते. त्याखाली आणखी सहा ओळींच्या रेघा मारून ठेवलेल्या होत्या.

"ताई, चक्कर येतेय का?" वायरमनने खालून विचारले.

"नाही. वाचतेय."

"छतावर?"

"हो."

वायरमनने अनेक घरे बघितली होती. त्याने शिडी घट्ट धरली.

खाली उतरून थोरलीने तो कागद आईला वाचून दाखवला. आईने पहिली ओळ दोनदा वाचायला लावली.

"म्हणजे येत होतं त्यांना."

"हो."

"आणि दहा वर्षं कोळसा खायला घातला मला."

"स्वतःही खाल्ला."

आईने कागद घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवला. "लाव तुझे नवे," ती म्हणाली. (जुना अलार्म सध्या फडताळावर उताणा असून त्यात चाव्या ठेवतात. पहिला परिच्छेद पाहावा.)

नवे अलार्म नियमाप्रमाणे लागले. खालच्या वाटेत एक, वर जिन्याच्या तोंडाशी एक, स्वयंपाकघरात उष्णतेचा. थोरलीने बटण दाबले. तिघांनी एकसुरात गळा काढला. आई बारा सेकंदांत स्वयंपाकघरात येऊन बसली.

"आई, बाहेर जायचं. फाटकापाशी."

"काय आहे फाटकापाशी?"

"आग नसेल तिथे."

"इथेही नाहीये. आत्ताच तर बघितलं मी."

प्रशिक्षण सुरू झाले. पुस्तिकेतल्या सूचनेनुसार थोरलीने वाटेत बाणांच्या चिठ्ठ्या लावल्या. आईने त्या वाकड्या लागल्यात म्हणून काढून ओळीत लावल्या, त्यामुळे बाणांची तोंडे स्वयंपाकघराकडे झाली. तिसऱ्या दिवशी थोरलीने फाटकातून हातवारे केले; आईनेही केले. चौथ्या दिवशी आई फाटकापर्यंत आली, पण स्वयंपाकघरातून वळसा घालून, कारण खरेच आग असेल तर गॅस उगाच वाया कशाला घालवायचा. वेळ : दोन मिनिटे. रजेचे सहा दिवस उरले होते, आणि फेरतपासणीला चार.

पाचव्या दिवशी थोरलीने पुस्तिका मिटली आणि चष्म्याच्या डबीतला कागद काढून वाचला. मग तिने स्वयंपाकघरातली आईची खुर्ची उचलून फाटकापाशी नेली. शेजारी एक स्टूल, स्टुलावर बशी, बशीत ब्रेड, वर झाकण. घराचे दार सताड उघडले आणि सात चाळीसला बटण दाबले.

आई वाटेत आली. स्वयंपाकघरात डोकावली, खुर्ची नव्हती. उघड्या दारातून बाहेर बघितले; खुर्ची होती, आणि खुर्चीमागे आता थोरली होती. आई बाहेर येऊन बसली. तेरा सेकंद.

"तांबूस आहे आज," झाकण काढून ती म्हणाली.

"चारवर ठेवला होता."

"सवय नाही गं." तिने दोन खाल्ले.

फेरतपासणीत प्रतिसादाचा शेरा 'उत्कृष्ट'वरून 'चांगला' असा घसरला, कारण वेळ दोन सेकंदांनी वाढली होती. माणूस जिवंत राहतो तेव्हा अंतर जास्त पडते, याला तक्त्यात सवलत नाही. बाकी सव्वीस रकाने ठीक होते, प्रमाणपत्र मिळाले. सही करून झाल्यावर तपासनिसांनी खिशातली पट्टी काढली, कडेला एक रेघ मारली, वर 'दिशा' असे लिहिले, खाली 'बाहेर'. (हा रकाना अनधिकृत असल्याने धरू नये.)

परिचारिका एक तारखेला आली. थोरलीने जाताना तिच्या हाती खोलीची किल्ली दिली आणि सात चाळीसची वेळ दिली. अलार्म महिन्यातून एकदा तपासावा असा नियम आहे. या घरात तो महिन्यातून तीस वेळा तपासला जातो. समोरच्या घरातले लोक आवाजाची तक्रार करायला सात चाळीसला बाहेर येऊ लागले. आता तेही खुर्च्या आणतात. खात्याच्या वार्षिक अहवालात या वास्तूची नोंद 'रोज यशस्वीपणे रिकामे होणारे घर' अशी आहे, आणि थोरलीला रोज सकाळी पावणेआठला एक निरोप येतो. त्यात फक्त एक आकडा असतो. काल बारा होता.

मघाशी आई स्वयंपाकघरात जाऊन बसली तेव्हा तुम्ही हसलात. हरकत नाही, तपासनीसही घरी जाऊन हसले असतील. परंतु त्याच अहवालाच्या परिशिष्टात म्हटले आहे की शंभरांतली सत्तर माणसे अलार्म वाजल्यावर आधी टॉवेल शोधतात आणि तो गप्प बसावा म्हणून त्यालाच वारा घालतात. आपण उरलेल्या तिसांत आहोत, असे तुम्हाला आता वाटते आहे.

त्या तिसांच्या छताला अलार्मच नाही.