टॅबच पुरतो, म्हणजे पुरतोच!

टॅबवर लॅपटॉपची सगळी कामं होतात. होतात म्हणजे होतातच! ज्यांना पटत नसेल त्यांनी खुशाल ते जड धूड खांद्याला लटकवून एका बाजूला कलत चालावं. मी नाही चालणार! आणि पुढचं ऐकून "बघ, आम्ही म्हणत नव्हतो?" असं कुणी म्हणायचं नाही. आधीच सांगून ठेवतो.

आमचं ऑफिस जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं. भिंतीला तडा गेला, छत गळायला लागलं, खांब पोकळ झाला, की लोक आमच्याकडे येतात. मी स्वतः हातोडा उचलत नाही. गिऱ्हाइकाला पडद्यावर चित्रं दाखवून दुरुस्ती गळी उतरवणं, हे माझं खातं. नवा टॅब घेतल्याबरोबर मी ऑफिसचा लॅपटॉप साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. राजीनामा ठेवावा तसा!

"हे काय?" साहेब म्हणाले.

"परत करतोय. यापुढे माझं सगळं काम यावर!" मी टॅब नाचवला.

"आणि अडलं तर?"

"अडणारच नाही!"

साहेबांनी लॅपटॉप तिथल्या तिथे एका सहकारी बाईंना देऊन टाकला, आणि त्या तो घेऊन बाहेरगावच्या कामावर निघूनही गेल्या. परतीचे दोर कापले गेले. कात्री अर्थात माझीच.

घरी बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "चमच्याने विहीर खणायला निघालायस," ती म्हणाली.

"खणून दाखवतो!"

"दाखव. फक्त पाणी लागेपर्यंत मला हाका मारू नकोस."

सुरुवातीला बारीकसारीक कुरबुरी झाल्या, नाही असं नाही. पडद्यावरचा कीबोर्ड उघडला की निम्मं पत्र गडप व्हायचं. मांडीवर ठेवलं की टॅब बेशुद्ध पडल्यासारखा पाठीवर उताणा व्हायचा. आणि त्याला माझं मराठी सुधारायची भारी हौस! मी लिहिलं, 'खांबाला आधार द्यावा.' त्याने केलं, 'खांबाला आहार द्यावा.'

साहेबांनी विचारलं, "काय खातो हा खांब?"

मी म्हटलं, "सिमेंट!" हरायचं नाही म्हणजे नाही.

मग तो दिवस उजाडला. एका जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई आमच्याकडे येणार होत्या. शाळेची इमारत मोठी, त्यामुळे कामही मोठं. साहेबांनी नवा शर्ट घातला होता. बाईंनी आल्या आल्या पर्समधून पेनड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला.

"यात आमच्या इमारतीचे नकाशे आहेत. जरा लावता का?"

मी टॅब चारही बाजूंनी फिरवून पाहिला. पेनड्राइव्ह घुसेल असं एकही भोक नव्हतं! मी तो मोठ्या आत्मविश्वासाने खिशात टाकला. "नकाशे सावकाश बघू. आधी आमचं काम बघा."

"वायर लावा की टीव्हीला," साहेब म्हणाले.

"वायरींचा जमाना गेला, साहेब! हे हवेतून जातं."

टॅबवर टीव्ही शोधायचं बटण दाबलं. यादीत दोन नावं आली, 'टीव्ही' आणि 'टीव्ही २'. आपल्या खोलीत टीव्ही एकच. मग दोन नंबरचा कशाला निवडू? मी 'टीव्ही' दाबलं. टॅब म्हणाला, 'जोडले गेले.' भिंतीवरचा टीव्ही मात्र निळाशार! पावसाळा सरल्यावरच्या आभाळासारखा निळा!

"टीव्ही जुना आहे. तापायला वेळ घेतो," मी म्हणालो आणि बोलायला सुरुवात केली.

बाईंना काहीतरी दिसावं म्हणून मी टॅबच त्यांच्यासमोर धरला. चित्र आडवं आलं. बाईंनी मान वाकडी केली. मी टॅब वळवला, तर चित्रही वळलं! बाईंनी मान दुसरीकडे टाकली, मी टॅब पुन्हा वळवला, चित्र पुन्हा आडवं. साहेबही मान वाकडी करून बसले होते. तिघांचा मिळून व्यायाम चालला होता.

"व्हिडिओ दाखवतो!" मी म्हणालो. "आमची माणसं यंत्राने जुना भाग कसा फोडून काढतात, बघाच!"

व्हिडिओ सुरू झाला, पण आवाज नाही. मी आवाज वाढवला. तरी नाही. शेवटी मी तो टोकापर्यंत नेला.

घर्रर्रर्र! पायाखालची फरशी थरथरली.

"खाली कुणी भिंत फोडतंय का?" बाईंनी विचारलं.

"छे, खाली दातांचा दवाखाना आहे," साहेब म्हणाले.

बाईंनी नकळत गालाला हात लावला. "दात... असे काढतात?"

तेवढ्यात जिन्यावरून माणसं धडाधड उतरत गेल्याचा आवाज आला. मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी रंगात आलो होतो! "व्हिडिओवर लिहिलंय तेही वाचून दाखवतो. 'हलणारं सगळं मुळासकट उपटून काढू! भोकं पाडून पक्कं भरू! काम चालू असताना हादरे बसतील, पण तक्रार चालणार नाही!'"

दार धाडकन उघडलं. हातात रबरी मोजे घातलेल्या खालच्या डॉक्टरबाई! डोळ्यांतून ठिणग्या!

"माझ्या दवाखान्यातल्या टीव्हीवर हा यंत्र घेतलेला माणूस कुणी पाठवला?"

खालून घर्रर्र येतच होतं. मी व्हिडिओ बंद केला. घर्रर्र बंद झालं. आता नाकारायला जागाच उरली नाही.

"पेशंट समोर नंबर लावून बसलेत," डॉक्टरबाई कडाडल्या, "आणि टीव्हीवर लिहून येतंय, हलणारं सगळं मुळासकट उपटून काढू! एक आजी कवळी हातात घेऊन पळाल्या! कवळीला काय दुखणार होतं?"

साहेबांचा चेहरा निळा पडला. मी मात्र डगमगलो नाही. "याचा अर्थ चित्र स्पष्ट दिसत होतं," मी म्हणालो.

साहेब दात-ओठ खात माझ्याकडे वळले, तोच मुख्याध्यापिका बाई उठून उभ्या राहिल्या. गेलं काम! शाळा गेली, साहेबांचा नवा शर्ट वाया गेला, आणि माझी नोकरीही दाराकडे निघाली.

"सगळे पळाले?" बाईंनी डॉक्टरबाईंना विचारलं.

"एकूण एक!"

"नुसतं बघून?"

"नुसतं बघून!"

बाई प्रसन्न हसल्या. "मला हेच हवंय! आमचे विश्वस्त वर्गात बसतात, डोक्यावरच्या तड्याकडे बघतात आणि म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. कितीही सांगा, घाबरतच नाहीत हो! तुम्ही शाळेत या आणि हेच त्यांना दाखवा. आवाज एवढाच ठेवा. त्यांनी होकार दिला की काम तुमचं."

साहेब मटकन खुर्चीत बसले. मी टॅब छातीशी धरला. असा क्षण आयुष्यात वारंवार येत नाही!

"बघितलंत, साहेब? लॅपटॉप असता तर वायर लावली असती, चित्र इथंच दिसलं असतं, आणि कुणीही पळालं नसतं! आहे उत्तर?"

मी खदखदून हसलो. तोंड चांगलं कानापर्यंत उघडून हसलो, आणि तिथेच घात झाला. डॉक्टरबाई पुढे झाल्या. त्यांनी टॉर्च काढला.

"असंच ठेवा हं. उजवीकडची मागची दाढ. पार किडलीय! दुखत नाही?"

"मुळीच नाही!"

"दुखेल. आणि तुमच्या कृपेने माझी खुर्ची आता रिकामीच आहे. चला."

"आज कामाचा फार..."

"चला!" हे साहेब म्हणाले. त्यांनी माझा एक दंड धरला, डॉक्टरबाईंनी दुसरा. मुख्याध्यापिका बाईंनी माझ्या खिशातून स्वतःचा पेनड्राइव्ह काढून घेतला आणि दार उघडून धरलं. शाळेतल्या माणसांना शिस्तीची सवय असते.

मी खुर्चीत आडवा झालो. तोंडात कापसाचे बोळे, ओठाला चिमटा, जीभ बधिर. साहेब शेजारच्या स्टुलावर निवांत बसले. इतक्या दिवसांत ते मला पहिल्यांदाच एवढे खूश दिसले.

"आता शांतपणे सांगा," ते म्हणाले. "उद्यापासून लॅपटॉप वापरणार ना?"

मी सगळं बळ एकवटून, तत्त्वाला जागून, स्पष्ट शब्दांत ठणकावलं, "नाही! त्रिवार नाही!"

बाहेर आलं ते असं, "आँ... आँ आँ आँ!"

"चला, एकदाचं 'हो' म्हणालात!" साहेब म्हणाले, आणि नवा लॅपटॉप मागवायला निघून गेले.