रत्नागिरीहून, मजेत

बुलढाण्याहून टेम्पोत घालून आणलेला कूलर गोपाळरावांनी रत्नागिरीच्या भाड्याच्या घरात लावला आणि तासाभरात उशांचे अभ्रे ओले झाले. घरघर ऐकून खालच्या मजल्यावरून घरमालकीण मंजुळाबाई वर आल्या. कूलरची टाकी त्यांनी वाकून पाहिली.

"हवेतच एवढं पाणी आहे हो," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही वरून आणखी भरताय?"

गोपाळराव बुलढाण्याच्या एका कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. मुलगा पुण्यात; त्याच्याजवळ राहायला जावं, तर पुण्याचं भाडं पेन्शनीत बसेना. तेवढ्यात कोणीतरी सांगितलं, की पुण्यात मोरीसुद्धा मिळणार नाही एवढ्या पैशात रत्नागिरीत बाल्कनी मिळते, आणि बाल्कनीतून समुद्र दिसतो. झालं. बुलढाण्याचं घर त्यांनी गजेंद्र नावाच्या एका प्राध्यापकाला अकरा महिन्यांच्या करारानं देऊन टाकलं. तळ्यावर फिरायला येणाऱ्या मंडळींनी निरोपाला नारळ दिला. "कोकणात नारळ घेऊन चाललात," त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई म्हणाल्या, तरी तो पिशवीत घालूनच स्वारी निघाली.

समुद्र दिसत होता. बाल्कनीच्या टोकाला स्टूल ठेवून, कठडा धरून मान डावीकडे वळवली की दिसे. बाकी सगळ्याची दैना होती. सुहासिनीबाईंनी उन्हाळभर खपून केलेल्या कुरडया डब्यातच मऊ पडल्या. चामडी चपलेवर पांढरी बुरशी चढली. गोपाळराव दुपारी मिरच्या आणायला गेले, तर दुकानदार आत झोपलेला. त्यानं पडल्या पडल्याच सांगितलं, "चारनंतर या." बुलढाण्यात असं कोणी म्हटलं असतं तर त्याच्याशी भांडून दुपार कारणी लावता आली असती. इथला माणूस भांडतही नव्हता, सरळ कूस बदलत होता.

सुहासिनीबाई मात्र मंजुळाबाईंच्या भजनात रमल्या होत्या. गोपाळरावांशी बोलायला उरला फक्त शेषरावांचा फोन.

शेषराव मूळचे जवळच्याच मोताळ्याचे, गोपाळरावांचे चाळीस वर्षांचे मित्र. बायको गेल्यावर शेत-वावर मुलाच्या, भागवतच्या, हवाली करून ते बुलढाण्यात गोपाळरावांच्याच गल्लीत राहायला आले होते. रोज संध्याकाळी ते विचारत, "कसं काय चालू हाये बे?"

"मजेत," गोपाळराव सांगत. सगळ्या गावाकडून नारळ घेऊन आल्यावर दुसरं काय सांगणार? पुढे नुसतं मजेत पुरेना. मग वाऱ्यानं भूक वाढली, गुडघा बरा झाला, लोक तर देवमाणसं निघाले.

एका संध्याकाळी शेषराव म्हणाले, "मंग मीबी येतो. तिथल्या खोलीचं एजंटाशी बोलनं झालं. सोमवारी बयाना देऊन टाकतो."

गोपाळरावांच्या घशाला कोरड पडली. एवढ्या दमट हवेत ती प्रथमच पडली. रात्रीतून त्यांनी पिशवी भरली.

"फोनवर सांगा की," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"इतक्या दिवसांचं खोटं फोनवर मागं घेता येते काय? समोर बसूनच सांगा लागन."

गाड्या बदलत, अंग आंबवून घेत ते बुलढाण्याला पोचले. कोरडा वारा तोंडावर आला आणि त्यांना गलबलून आलं. स्वतःच्या घरावरून जाताना ते चोरासारखे खाली मान घालून गेले.

शेषराव ओसरीवर सामान बांधत होते.

"सोड ते गाठोडं," गोपाळराव म्हणाले. "मी खोटं बोलत होतो. गुडघा पह्यल्यापेक्षा जास्त दुखते. कुरडया सादळल्या. दुपारी दुकानात कोनी भेटत नाही. समुद्र पाहाले स्टुलावर चढा लागते."

शेषरावांनी गाठ आवळली. "मले ठाऊक हाये."

"कसं काय? कोनं सांगितलं?"

"कोन कायले सांगन? तू चाळीस वर्षांत कोनाले देवमानूस म्हनला काय? तू सगळ्या गावालेच म्हनू लागला, तवाच मी समजलो का गडी बेजार हाये."

"मंग येऊन काऊन राह्यला?"

शेषराव गाठोड्यावर बसले. "समुद्रासाठी कोन येऊन राह्यलं बे? तू गेल्यापासून तळ्यावर चाललो तं मानसं माह्यं सारं ऐकून घेतात. हाव हाव म्हनतात. एकबी मानूस माह्या बोलन्यात खोट काढत नाही. असं जगनं असते काय?"

गोपाळराव गाठोड्याशेजारी टेकले. "गजेंद्रच्या कराराले अजून दहा महिने हायेत," ते म्हणाले, "नाही तं मीच परत आलो असतो."

"म्हनून तं मी येतो."

"पन बयाना नको देऊ. आमच्या इथंच एक खोली रिकामी हाये."

"खोली रिकामी, हे तरी खरं सांगून राह्यला ना?"

रत्नागिरीपर्यंतच्या सगळ्या गाड्यांत दोघं भांडत गेले. खिडकी कोणाची यावरून सुरू झालेलं भांडण कपाशीच्या भावापर्यंत पोचलं, आणि एका कंडक्टरनं तर दोनदा हात जोडले.

सुहासिनीबाईंनी दार उघडलं. नवऱ्याचा चेहरा तरतरीत दिसत होता आणि मागे शेषराव गाठोडं घेऊन उभे होते.

"अहो, तुम्ही तर भाऊजींना थांबवायला गेला होता ना?"

"थांबवलं ना," गोपाळराव चपला काढत म्हणाले. "तिथं थांबत नव्हता, इथं थांबतो म्हनते."